राखून ठेवलेला निकाल

फकीर मोहम्मद यांचा उजवा हात घड्याळाच्या बटणापासून साधारण चार सेंटिमीटरवर टेबलावर होता. पालथा नाही, कडेवर. करंगळी खाली, अंगठा वर. नखांच्या कडांमध्ये वार्निशचा तपकिरी रंग साचलेला होता, कारण ते पाण्याच्या मोटारींची वायंडिंग करायचे. बोटं हलत नव्हती. त्यांच्या बाजूला सात मिनिटं दहा सेकंद दिसत होते आणि आकडे उतरत होते.

त्यांनी नुकताच हत्ती सातव्या पट्टीत, समोरच्या गजेंद्रच्या प्याद्यांच्या रांगेत, नेऊन ठेवला होता. खेळी झाली होती, पण बटण दाबल्याशिवाय खेळाडूचं स्वतःचं घड्याळ थांबत नाही आणि समोरच्याचं सुरू होत नाही. फकीर मोहम्मद यांनी, म्हणजे सगळ्यांच्या चाचांनी, बटण दाबलं नव्हतं.

जानेवारीतला दुसरा रविवार होता. शेगावच्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये जिल्हा जलद बुद्धिबळ स्पर्धेची सातवी, शेवटची फेरी चालू होती. पहिल्या टेबलावर वरवट बकालचे फकीर मोहम्मद, वय एकसष्ट, आणि मेहकरचा गजेंद्र, वय वीस. जिंकेल तो जिल्हाविजेता, आणि मे महिन्यात राज्य स्पर्धेला जाणार. मी मुख्य पंच होते. गजेंद्रच्या पाठीमागे, दीड-दोन मीटरवर उभी होते. तिथून मला गजेंद्रची पाठ दिसत होती आणि चाचांचा चेहरा.

चाचा घड्याळ विसरतात हे जिल्ह्यातल्या प्रत्येक खेळाडूला माहीत होतं. ते टपरीवर, दुकानासमोरच्या बाकड्यावर खेळत मोठे झाले होते. तिथे घड्याळ नसायचं. त्यामुळे मैत्रीच्या डावात समोरचाच सांगायचा, ‘चाचा, घडी.’ ते कपाळावर हात मारून बटण दाबायचे आणि वर शाबासकी द्यायचे. दोन वर्षांपूर्वी मेहकरच्या स्पर्धेत एका प्रेक्षकाने असंच सांगितलं. समोरच्या खेळाडूने तक्रार केली. संध्याकाळपर्यंत भांडण चाललं आणि पुढे वर्षभर दोन क्लब एकमेकांशी बोलत नव्हते. त्यानंतर मी एक सूचना टाइप करून घेतली. नियमपुस्तकात पंचाला असं सांगायची मनाई होतीच; मी ती सगळ्यांना लावली. ‘खेळाडूने घड्याळ दाबले नाही तर पंच, प्रेक्षक किंवा इतर खेळाडू, कोणीही त्यास सांगू नये.’ तेव्हापासून ती प्रत्येक स्पर्धेत भिंतीवर लागते. त्या दिवशी ती चाचांच्या डोक्यावर दोन हात अंतरावर चिकटवलेली होती.

साडेसहा मिनिटं. इतर डाव संपत आले होते आणि मोकळे झालेले खेळाडू पहिल्या टेबलाभोवती जमू लागले होते. खामगावचा संघपाल शेजारच्याच्या कानाशी लागला, पण ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "चाचा पुन्हा इसरले बे."

"गप ना. मॅडम पाहून राह्यल्या."

"मी थोडीच सांगून राह्यलो त्याहिले? मी तुले सांगून राह्यलो."

दोघंतिघं दबून हसले. मीही ओठ आवळून हसू दाबलं. हे इथे लिहायला हवं म्हणून लिहिते.

गजेंद्र मान खाली घालून बसला होता. त्याचा डाव पडल्यात जमा होता. त्याला उत्तराची खेळी करता आली असती, बरेच जण करतात, पण घड्याळ दाबलं जाईपर्यंत थांबायचा त्याला हक्क होता. तो घड्याळाकडे पाहत होता.

चार मिनिटं चाळीस सेकंदांवर चाचांनी डावा हात उचलला. तो हळूहळू पटावरून घड्याळाकडे निघाला आणि मध्येच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तिसऱ्या फेरीत मी त्यांना ताकीद दिली होती. घाईत त्यांनी उजव्या हाताने सोंगटी सरकवून डाव्या हाताने बटण दाबलं होतं. "चाचा, ज्या हाताने सोंगटी त्याच हाताने घड्याळ," मी म्हणाले होते, आणि ते दोन्ही हात जोडून म्हणाले होते, "गलती झाली मॅडम. पुन्हा नाही होणार."

आता ते विचारत होते. तोंडाने नाही. मी मान हलवली. दोनदा, उजवीकडून डावीकडे, अगदी थोडी. त्यांनी डावा हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

तीन मिनिटं छप्पन सेकंदांवर त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा खाली आलेला मला दिसला. तिथून लाळेची एक बारीक रेघ दाढीत उतरत होती. तोंडात तंबाखूचा खर्रा असेल, असं मला वाटलं. नाही, वाटलं असं म्हणणं खरं नाही. मी ते स्वतःला सांगितलं. सकाळी दारातच चाचांनी आ करून मला रिकामं तोंड दाखवलं होतं. "पाहा, मॅडम. आज खर्रा बंद. चॅम्पियन व्हायचं हाय." मी भौतिकशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत एकदा घेतलेलं वाचन चुकीचं वाटलं तर पुन्हा घ्यायचं असतं. मी पुन्हा पाहिलं. कोपरा खालीच होता. घड्याळ थांबवायचा अधिकार पंचाला असतो. खेळाडूला बरं नसेल तर ते पंचाचं कामच असतं. मी हलले नाही. हॉलमध्ये चाळीस माणसं होती, विजेतेपदाचा डाव होता, आणि मी चाचांच्या बाजूने गेले असं कोणी म्हणू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

शून्य झालं. घड्याळावर वेळ संपल्याचं छोटं निशाण उमटलं. गजेंद्रने घड्याळ थांबवून हात वर केला. "मॅडम, टाइम."

कोणीतरी टाळी वाजवली. संघपाल चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चाचा, घरी जाऊन दाबता काय घडी?" आणि त्या हाताच्या एवढ्याशा भाराने चाचा उजव्या बाजूला कलले आणि खुर्चीवरून खाली गेले.

शेगावच्या दवाखान्यातून त्यांना अकोल्याला हलवलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. चौथ्या दिवशी ते गेले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तुळशीरामभाऊंना सांगितलं, की एवढा मोठा रक्तस्राव असताना पाच-सात मिनिटं आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. तुळशीरामभाऊ आमच्या संघटनेचे सचिव. शेगावात त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. त्यांनी ते वाक्य मला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. नंतर भेटेल तो मला तेच सांगू लागला.

निकालपत्रात पहिल्या टेबलासमोर मी पेन्सिलने लिहिलं होतं: ‘राखीव’.

फेब्रुवारीत मी घड्याळाच्या कंपनीचं माहितीपत्रक मागवलं. मग अकोल्याच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं, की आजाराची सुरुवात नेमकी किती वाजता झाली हे कळवावं. उत्तर आलं, की ते वैद्यकीयदृष्ट्या निश्चित सांगता येत नाही. एका रविवारी मंगल कार्यालयात जाऊन मी त्याच जागी उभी राहिले आणि माझ्यापासून चाचांच्या खुर्चीचं अंतर टेपने मोजलं. दोन मीटर नव्वद. ते मी वहीत लिहिलं. कागद जमत होते आणि निकाल राखीव होता.

मार्चमध्ये मी आणि तुळशीरामभाऊ वरवट बकालला गेलो. चाचांचा चाळिसावा दिवस होऊन गेला होता. चाचांचं दुकान उघडं होतं. आत त्यांची मुलगी राबिया लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळत बसली होती. सव्वीस-सत्तावीसची असेल. तिने वर न पाहता डावा हात उचलून आम्हाला थांबवलं.

"दोन मिनिटं बसा. फेरे मोजून राह्यली."

आम्ही बाकड्यावर बसलो. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. एका आकड्यावर थांबली, तार कापली, टोक वाकवलं आणि मग उठून आम्हाला पाणी दिलं.

"दुकान तूच चालवतं का आता, बाई?" तुळशीरामभाऊंनी विचारलं.

"पहिलेही मीच बांधत होती मोटारी, काका. अब्बा गिऱ्हाइकाशी शतरंज खेळत होते."

तुळशीरामभाऊ हसले आणि लगेच थांबले. राबिया हसली नव्हती. ती माझ्यासमोर खाली बसली.

"मॅडम, डॉक्टर काय म्हणाले ते मले माहीत हाय. वाचले नसते म्हणे. अल्लाची मर्जी. ते मले इचारायचं नाही." तिने पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. "अब्बा दोन-तीनदा घडीवर हरले. घरी येऊन सांगायचे, आज माणसानं नाही हरवलं, घडीनं हरवलं. मंग हसायचे. आता गावात पोरं तेच म्हणतात. चाचा मरतानीही घडी इसरले. कोनी वाईट बुद्धीनं नाही म्हणत. पण म्हणतात. चहाच्या टपरीवर म्हणतात, मी समोरून जाते तं गप होतात."

"लोकायचं काय..." तुळशीरामभाऊ सुरू झाले.

"काका, मी मॅडमले इचारून राह्यली. अब्बा घडी इसरले होते, का त्यांचा हात चालत नव्हता? दोनातलं एक सांगा. कागदावर काय लिहिणार ते त्याच्यानंच ठरन ना?"

मी म्हणाले, "डॉक्टरांचं पत्र आलंय. त्यात वेळ निश्चित नाही. आणखी एक माहिती..."

"डॉक्टर तं अकोल्याले होते," ती म्हणाली. "तथी तुम्ही होत्या ना."

मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवत नाही. ‘सुनावणी ठेवू’ असं काहीतरी. ती उठली, साचा पुढे ओढला आणि नव्या कॉइलचे फेरे एकपासून मोजायला लागली.

परतताना तुळशीरामभाऊ गाव मागे पडेपर्यंत गाडी चालवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, चांगली पोरगी हाय. पण तुम्ही कायले लांबवता? निशाण पडलं, पोरानं दावा केला, नियम तुमच्याच सहीचा हाय. गजेंद्र जिंकला लिहा, झालं. तिले मी समजावतो."

"आणि जर मला काही दिसलं असेल तर?"

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "दिसलं होतं काय?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"नका सांगू मले," ते म्हणाले. "मी इचारलंच नाही. पन मी काय म्हणतो, तुम्ही लिहून देसान की मले दिसत होतं, तं उद्या पेपरात येईन, पंचाच्या डोळ्यासमोर माणूस गेला. तुमची नोकरी हाय. आपली संघटना हाय. कोनाचं भलं होईन त्याच्यानं?"

सुनावणी एप्रिलच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकराला ठेवली. जागा तुळशीरामभाऊंच्या दुकानावरची खोली. पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांनी वर पितळी कुलूप ठेवलं होतं. राबिया बसने आली होती. काळ्या ओढणीखाली तिच्याही नखांवर वार्निशचा रंग होता. संघपाल साक्षीदार म्हणून आला. गजेंद्र सर्वांत आधी येऊन कोपऱ्यात बसला होता. जानेवारीपेक्षा तो बारीक दिसत होता.

तुळशीरामभाऊंनी सूचना वाचून दाखवली, फेरी, टेबल, वेळ. मग संघपालला विचारलं.

"मी चाचायच्या पाठीकून होतो," तो म्हणाला. "मले तोंड नाही दिसलं. मी हसलो मात्र." तो राबियाकडे वळला. "ताई, मी हसलो होतो. लय झोंबते ते. चाचा पडले तं माझाच हात होता खांद्यावर."

राबियाने ‘ऐकलं’ अशी मान हलवली.

"गजेंद्र, तू बोल," तुळशीरामभाऊ म्हणाले. "दावा तुझा हाय."

गजेंद्र उभा राहिला. "मी दावा मागं घेतो म्हणलं होतं, काका. तुम्हीच म्हणाले, तसं होत नसते."

"होत नसतेच. निशाण पडलं का निकाल पंच देते. तुझ्या म्हणण्यावर नाही."

"मंग द्या ना बाप्पा कोनी!" त्याचा आवाज चिरकला. "तीन महिने झाले. मेहकरात मले घडीवाला म्हणतात. क्लबात गेलो का पोरं घड्या लपवतात. अबे, याच्यासमोर मरू नका, हा टाइम लावते. मी बुद्धिबळ सोडलं. पन ते सोडून होते काय? मी चाचायच्या तोंडाकडे पाह्यलंच नाही. मी हरून राह्यलो होतो, मी घडीकडेच पाहत होतो. मले वाटलं इसरले. देवाशपथ, मले तसंच वाटलं." तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही माझ्या मागं होत्या. तुम्हाले समोरून दिसत होतं. तुम्ही काही म्हणाल्या नाही, म्हणून मी समजलो का सगळं बरोबर हाय. पंच उभा हाय तं बरोबरच असन ना?"

खालून रिक्षावाले भाविकांना हाका मारत होते.

तुळशीरामभाऊंनी निकालपत्र माझ्यापुढे सरकवलं. पेन्सिलचं ‘राखीव’ पुसट झालं होतं. त्यांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "नियम तुम्हाले माहीत हाय. सही करा अन् मोकळ्या व्हा."

नियम मला माहीत होता. निशाण पडलं म्हणजे पडलं. पण निशाण चालू डावात पडावं लागतं. डाव चालू होता की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या हॉलमध्ये एकाच माणसाला होता, आणि तो माणूस दोन मीटर नव्वदवर उभा होता. मी तीन महिने पुरावा शोधत होते. दुसऱ्या कोणाकडून तो मिळाला असता तर मला बोलावं लागलं नसतं.

मी राबियाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. उजव्या हाताच्या बोटांची टोकं अंगठ्याने एकेक करून मोजत होती.

"डॉक्टरायचं पत्र फाइलले लावू काय?" तुळशीरामभाऊंनी विचारलं.

"नको," मी पेन त्यांना परत देत म्हणाले. "मी सांगते ते लिहून घ्या. घड्याळावर चार चाळीस असताना फकीर मोहम्मद यांनी डाव्या हाताने बटण दाबायचा प्रयत्न केला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं."

तुळशीरामभाऊंचं पेन थांबलं. "मॅडम..."

"लिहा. ते घड्याळ विसरले नव्हते. उजवा हात चालत नव्हता म्हणून त्यांनी डावा उचलला, आणि तो पंचाच्या सांगण्यावरून खाली ठेवला. तीन छप्पनला त्यांचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं. दोनदा पाहिलं. घड्याळ थांबवणं माझं काम होतं. मी थांबवलं नाही."

राबियाचा अंगठा थांबला. गजेंद्र उभाच होता. त्याने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"असं लिहिलं तं तुमच्यावर येईन," तुळशीरामभाऊ म्हणाले. आता ते समजावत नव्हते, नुसतं सांगत होते.

"येऊ द्या."

"अन् निकाल? निकाल काय लिहू?"

राबियाने मान वर केली. मला ‘फकीर मोहम्मद जिंकले’ म्हणावंसं वाटलं, पण पुढची खेळी झालीच नव्हती. जे झालं नाही ते मला लिहिता येत नव्हतं. जे झालं तेवढं येत होतं.

"गजेंद्रचा दावा नामंजूर," मी म्हणाले. "निशाण पडण्याआधी तीन मिनिटं छप्पन सेकंद हा डाव थांबायला हवा होता. तो पंचाच्या चुकीने थांबला नाही. त्यामुळे ते निशाण धरता येत नाही. डाव अपूर्ण. फकीर मोहम्मद हरलेले नाहीत."